बारमाही कूलर

नोकरीत असताना सोयरेधायरे मला विचारायचे, तू तिथं नेमकं करतो काय गा? मी सांगायचो, बसतो. खोटं नव्हतं ते. कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये बसून काटे बघायचे, हेच माझं काम होतं. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, कुठलं काय किती तापलं. तासातासाला आकडे वहीत उतरवायचे आणि काटा जागचा हलला की फोन उचलायचा. असा तेहतीस वर्षं बसलो. त्यातून एक खोड लागली ती कायमची. काट्यावर दिसतं ते खरं, माणूस सांगतो ते नंतर बघू. त्या खोडीनं माझ्या घरात काय केलं ते सांगायला बसलो आहे. मध्येच कोणी मला 'असं मनाला लावून घेऊ नये हो' म्हणू नका. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

निवृत्त झालो तेव्हा कॉलनीतला क्वार्टर सोडला आणि नागपूरच्या अंगाला बांधून ठेवलेल्या आमच्या घरात आलो. मी आणि बायको, दोघंच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. तिची उत्तरेकडची खोली रिकामी होती. बायकोनं त्या खोलीत हळूहळू झाडं आणायला सुरुवात केली. आधी दोन फर्न आणले, मग अँथुरियम, मग फुलांच्या प्रदर्शनातून एक ऑर्किड. ते ऑर्किड तिनं रिक्षात मांडीवर धरून आणलं. पोरीला दवाखान्यातून आणलं होतं तेव्हाही ती अशीच बसली होती, न हलता, रस्त्यातल्या खड्ड्याखड्ड्याला रिक्षावाल्याला दटावत.

ती कामठीची. तिचे वडील पॉवरलूमवर विणकर होते. मागावरचं सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून उन्हाळ्यात लूमच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडायचं काम घरातल्या पोरींकडे असायचं. त्यामुळे हवेतली ओल तिला अंगानंच कळायची. खोलीत शिरली की हात उलटा करून हवेत धरायची आणि म्हणायची, आज हवा कडक आहे, किंवा आज मऊ आहे. मी हसायचो. तेहतीस वर्षं काटे बघितलेल्या माणसासमोर ही बाई मनगटानं हवा मोजते, म्हणजे गंमतच की.

पहिल्याच उन्हाळ्यात घात झाला. आपल्याकडचा एप्रिल काय असतो ते मी नागपूरकराला सांगायची गरज नाही. ऑर्किडला पाच कळ्या आल्या होत्या. तिनं खिडकीला ओली चादर लावली, भांड्यांत पाणी भरून ठेवलं, दिवसातून चारदा फवारा मारला. तरी त्या पाचही कळ्या चार दिवसांत पिवळ्या पडून गळल्या. फर्नची पानं हातात घेतली की चुरा व्हायची. त्या दुपारी ती जमिनीवर बसून रडली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि तिला एखाद्या वस्तूसाठी रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, रडू नको, हे माझ्यावर सोड.

आणि मग काय विचारता. रिकामटेकड्या माणसाला काम मिळालं. भिंतींना आतून थर्मोकोल लावला, खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या, दाराखाली रबर ठोकला. एक लहान एसी बसवला. पण एसी हवा थंड करतो तशी सुकवतोही, आणि या झाडांना गारवा हवा तशी ओलही हवी. म्हणून घरातला जुना लोखंडी कूलर खोलीच्या आत आणून ठेवला. कूलर खिडकीच्या बाहेर असतो आणि बाहेरची हवा आत फेकतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. मी तो आत ठेवला, तीच ती हवा पुन्हापुन्हा ओली होत फिरावी म्हणून. एसी हवा सुकवायचा, कूलर ती भिजवायचा, आणि मी मधोमध बसून दोघांचा मेळ घालायचो. भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र लावलं. नवी वही आणली, दर दोन तासांनी आकडा लिहायला लागलो. तापमान अठ्ठावीस, आर्द्रता पंच्याहत्तर. खरं सांगतो, निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं ते त्या वहीमुळे.

आमच्या कामात आत शिरणारी बाहेरची हवा म्हणजे वैरी. वाफेचं पाणी होतं त्या टाकीत कुठून बारीकशी हवा गळाली तरी सगळी घडी बिघडते. मग आम्ही मेणबत्ती घेऊन एकेका सांध्यापाशी ज्योत हलते का बघायचो. घरी मी उदबत्ती घेऊन तेच केलं. खिडकीच्या कडेकडेनं, दाराच्या बिजागरीपाशी, दिव्याच्या बटणांपाशी सगळीकडे फिरवली. धूर जिथं वाकडा झाला तिथं मेण भरलं. शेवटी उदबत्ती सगळीकडे सरळ जळायला लागली. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण झाडाले जुनी हवा नाही चालत, सकाळची अर्धा तास खिडकी उघडायला पाहिजे. मी म्हटलं, उघडली की आर्द्रता पन्नासवर येते, वहीत बघ. आणि राख येते ती वेगळीच.

राखेचं काय ते इथं सांगून टाकतो. केंद्रात जळणाऱ्या कोळशाची राख वाऱ्यानं उडून आमच्या घरांवर येते. आमच्या भागात कोणाला खोकला आला की कारण शोधत नाहीत. राख, झालं. डोळे चुरचुरले, राख. कपड्यांवर डाग, राख. आम्ही कॉलनीतले लोक तर जन्मभर व्हरांडा झाडून तेच म्हणत आलो. त्यामुळे खिडकी बंद ठेवणं हा आमच्याकडे शहाणपणा. तरी ती सकाळी गुपचूप खिडकी उघडायची. दोनदा पकडली. तिसऱ्यांदा मी पट्टी ठोकून खिडकी कायमची बंद केली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, मग बोलायला लागली. नवराबायकोत चालायचंच, असं मला तेव्हा वाटलं.

झाडं मात्र तरारली. पुढच्या मे महिन्यात बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आमच्या खोलीत सात ऑर्किड फुलले होते. जांभळे, पांढरे, एक पिवळा. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. बायको मला पुढे करून म्हणायची, हे सगळं यांनी केलं, मी त फक्त पाणी देते. मी फुगून बसायचो. तिच्या तोंडावरचा तो आनंद मी केला होता, यात तर शंका नव्हती.

आता चूक सांगतो. आमच्याकडे होळीच्या सुमारास कूलर बाहेर निघतो. टाकी घासायची, आतून रंग मारायचा, जाळीतलं जुनं गवत काढून फेकायचं आणि नवं भरायचं. रस्त्यारस्त्यावर त्या गवताच्या पट्ट्या विकायला बसलेले असतात. पाऊस पडला की कूलर पुसून माळ्यावर. हे कोणी कोणाला शिकवत नाही, घरोघरी होतंच. मीही चाळीस वर्षं केलं. पण झाडांच्या खोलीतला कूलर पावसातही चालू, हिवाळ्यातही चालू. हिवाळ्यात तर आपल्याकडची हवा जास्तच सुकी, म्हणून पंप दिवसभर. तो कूलर कधी माळ्यावर गेलाच नाही, त्यामुळे होळीला तो कधी बाहेरही निघाला नाही. होळी आली की मी पुढच्या खोलीतल्या कूलरचं गवत बदलायचो, घासूनपुसून तो खिडकीत बसवायचो आणि हातावर हात झाडून म्हणायचो, झालं एकदाचं. आतला मला आठवायचाच नाही. तो माझ्या डोक्यात कूलर राहिला नव्हता, यंत्र झाला होता. पाणी कमी झालं की वरून भरायचो. तीन वर्षं ते गवत एक दिवस वाळलं नाही.

वास आला तो तिला. दुसऱ्या वर्षीच्या पावसात ती म्हणाली, "अजी, खोलीत वास येऊन राहिला. ओल्या गोणपाटासारखा." मी आत जाऊन नाक लावलं. मला काही आला नाही. कोळशात आणि तेलात जन्म गेलेल्या नाकाला काय येणार? पण मी ते नाही म्हटलं. मी वही काढली, आकडे दाखवले आणि म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे, मीटर खोटं बोलत नाही. ती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, असेल बापा.

त्या हिवाळ्यात खोकला सुरू झाला, सुका, थांबता थांबायचा नाही. संध्याकाळी अंगात कणकण, कधी थंडी वाजून यायची, सकाळी बरी. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, वय झालं. गल्लीतल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, कफाचं औषध दिलं. चार दिवस उतार, पुन्हा तेच. आणि आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की राख आहे. मी तर नक्कीच ठरवलं. मला वाटलं, तेहतीस वर्षं मी जिथं खाल्लं त्याची वसुली बायकोकडून होते आहे.

म्हणून मी तिला कुठं बसवलं? त्या खोलीत. घरातली सगळ्यात स्वच्छ हवा तीच होती ना, राखेचा कण येत नव्हता तिथं. मी वेताची खुर्ची आत नेली, पायाखाली पाट ठेवला. तांदूळ निवडायचे तिथंच, भाजी चिरायची तिथंच, दुपारी डोळा लागला तर तिथंच. खोकला वाढला की मी म्हणायचो, बाहेर कशाला आलीस, जा आत जाऊन बस. एक दिवस ती अंगणात उन्हाला बसली होती. मी तिला रागावून आत नेलं. हाताला धरून नेलं. हे मी लिहितो आहे आणि मला तिचं मनगट हातात लागतं आहे.

त्या मार्चमध्ये ती आठ दिवस कामठीला भावाकडे राहून आली. परत आली ती टवटवीत. ऑटोतून उतरून पिशवी स्वतः उचलून आली, एकदा खोकली नाही. मला म्हणाली, तिथं मले एकदम मोकळं वाटलं, दम लागलाच नाही. मी काय म्हणालो? मी म्हणालो, माहेरी गेलं की बाईले बरं वाटतेच. भावजयीनं काम करू नसेल दिलं. तीही हसली. तीन दिवसांत खोकला परत आला तेव्हा मी ते पुढे चालवलं, घरी नवरा दिसला की हिला दम लागतो म्हणून. गल्लीत दोनचार जणांना सांगितलंही, आणि सगळे हसले.

पहिल्या छातीच्या डॉक्टरांकडे आम्ही त्यानंतर गेलो. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी तिला विचारलं, घरात कुठं ओल आहे का, बुरशी आहे का, कबुतरं येतात का. तिनं तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं. म्हटलं, नाही साहेब, घर कोरडं ठणठणीत, भिंतीवर एक पोपडा दाखवा. आम्ही कोराडीचे, राख असते आमच्याकडे. ते मान हलवून लिहीत राहिले. भिंतीला ओल नव्हती हे खरंच होतं. मी खोटं बोललो नाही. ती माझ्याकडे बघून पुन्हा त्यांच्याकडे बघायला लागली आणि गप्प बसली. ती काही सांगणार होती का, हे मी तिला नंतर कधी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

आणखी एक वर्ष गेलं. तोवर न्हाणीघरातून खोलीपर्यंत येताना तिचे ओठ निळे पडायला लागले होते. दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी सगळे कागद बाजूला ठेवले आणि तिला विचारलं, तुम्ही दिवसभर कुठं बसता? मी म्हटलं, थांबा, दाखवतो. खिशातून मोबाईल काढला. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे मी खोलीचे फोटो दाखवायला लागलो. हे बघा ऑर्किड, हे मीटर, बाहेर पंचेचाळीस असताना आत अठ्ठावीस. मॅडमनी फोन हातात घेतला. एका फोटोवर थांबल्या, दोन बोटांनी तो मोठा केला आणि विचारलं,

"हा कूलर खोलीच्या आत आहे? याचं गवत शेवटचं कधी बदललं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला एकही होळी आठवेना.

नंतर तपासण्या झाल्या, रक्त झालं, स्कॅन झाला. मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. ओल्या गवतात बुरशी धरते. तिची न दिसणारी धूळ कूलर सतत हवेत उडवतो, आणि बंद खोलीत ती तशीच फिरत राहते. काही जणांच्या फुफ्फुसांना ती सोसत नाही, सूज येते. जागा सोडली की उतरते, परत आलं की वाढते. असं वर्षानुवर्षं झालं की आत व्रण पडतात. सूज औषधानं उतरते, व्रण उतरत नाहीत. मी विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, बराच फरक पडला असता. वर्षभर आधी म्हणजे कामठीहून आली तेव्हा. मी त्यांना विचारलं, मॅडम, आणि राख? त्या म्हणाल्या, राख चांगली नाहीच, पण यांचं कारण ते दिसत नाही.

घरी आल्यावर मी कूलर उघडला. पंजा घालून गवत ओढलं तर ते काळ्या चिखलासारखं हातात आलं. टाकीच्या तळाला बोटभर गाळ होता. पुढच्या दोन दिवसांत खोली रिकामी केली. तिला आत यायला बंदी होती, म्हणून ती तोंडाला मास्क बांधून पडवीच्या टोकाला खुर्चीवर बसली आणि कुठलं झाड कोणाला द्यायचं ते सांगत राहिली. मी कुंड्या उचलताना चिडलो होतो, आदळत होतो. ती म्हणाली, हळू, त्यांचं काय चुकलं? चार ऑर्किड मुळं धुऊन तिनं पुण्याला पोरीसाठी पाठवले. पोरीचं तेव्हा नुकतंच बाळंतपण झालं होतं, तिला येता आलं नव्हतं. फोनवर तिला इतकंच सांगितलं की आईला फुफ्फुसाचा आजार आहे.

कशामुळे, ते तिला बायकोनं सांगितलं. माझ्यासमोर, फोन स्पीकरवर ठेवून. ती म्हणाली, "राखेनं झालं वं, दुसरं काय?" मी तिच्याकडे बघत राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

त्यानंतर चौदा महिने ती जगली, नाकात नळी आणि पलंगाशेजारी घुरघुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. भेटायला माणसं यायची. कोणी विचारलं की मी तोंड उघडायच्या आधी ती सांगायची, कोराडीची राख. भावाला तेच, जावयाला तेच, विहारातल्या बायांना तेच. एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागायचा तिला, आणि तो दम ती यावर घालवायची. आणि मी मान हलवायचो. हो, राख. एकदाही म्हटलं नाही की, नाही हो, ही खोटं सांगते आहे, मी केलं. माझ्यात तेवढीही धमक नव्हती. तिच्यावर रागावताना केवढा आवाज होता माझा!

शेवटच्या आठवड्यात मी तिच्यासमोर रडलो. म्हटलं, काहून असं करून राहिली तू? सांग न सगळ्यांले. मले शिव्या तरी पडू दे. ती बराच वेळ श्वास गोळा करत होती. मग म्हणाली,

"पोरीले कधी सांगू नका. मी गेल्यावर तिले तुम्हीच उरता. आन् तुम्हाले तीच."

मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडून दोनदा हो म्हणवून घेतलं.

ती गेली. पोरगी आली, आईच्या पायांशी बसून राहिली, त्रिशरण म्हणताना तिचा आवाज फुटला. पुण्याला परतताना मला मिठी मारून म्हणाली, बाबा, या हवेत राहू नका, माझ्याकडे चला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून दर संध्याकाळी आठला तिचा फोन यायचा. जेवले का, काय केलं, गोळी घेतली का. माझा दिवस त्या आठ वाजण्यासाठी असायचा. साडेसातलाच कणिक भिजवायला घ्यायचो, म्हणजे फोन आला की खोटं सांगावं लागत नसे. आणि रोज फोन ठेवल्यावर वाटायचं, ही माया जिच्या भरवशावर मिळते आहे ती गोष्ट खोटी आहे. पण सोडवत नव्हती. माया कोणाला सोडवते?

या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तिनं साधा फोन केला नाही, व्हिडिओ कॉल केला. खूप दिवसांनी हसत होती. म्हणाली, बाबा, तुम्हाले काहीतरी दाखवायचं आहे. फोन फिरवत ती आत गेली. एका लहानशा खोलीत भिंतीला फळ्या लावलेल्या, त्यावर आईचे चार ऑर्किड, चाराचे नऊ झालेले. बाजूला फर्न. कोपऱ्यात वाफ सोडणारं यंत्र चालू होतं. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. ती म्हणाली, तुम्ही जसं केलं होतं तसंच केलं, उदबत्तीसुद्धा फिरवली. या यंत्रात पाणी संपलं की भरते, बाकी काही करावं लागत नाही. आईची खोली म्हणतो आम्ही हिला. आणि मग तिनं फोन खाली केला. फळ्यांच्या खाली लहान पलंग होता. त्यावर माझी नात झोपली होती, तीन वर्षांची, तोंड उघडं टाकून. पोरगी हळू आवाजात म्हणाली, आजीजवळ झोपायचं म्हणते, रोज इथंच झोपते.

मी विचारलं, खोकते का? ती म्हणाली, थोडीशी, पुण्याची हवा, सगळ्याच पोरांना आहे.

मी तिला म्हटलं, आधी पोरीला उचल. बाहेरच्या खोलीत ने. ती म्हणाली, काय झालं बाबा? मी म्हटलं, उचल आधी, मग सांगतो. तिनं उचललं. नात झोपेत कुरकुरली. मग मी सांगितलं. कूलर सांगितला, गवत सांगितलं, खिडकीला ठोकलेली पट्टी, वास, कामठी, डॉक्टरला मी दिलेलं उत्तर, सगळं. काही झाकलं नाही. तिच्या खांद्यावर नातीचं डोकं होतं आणि ती पडद्यात माझ्याकडे न बघता कुठंतरी खाली बघत होती. मी संपवल्यावर तिनं एकच विचारलं.

"आईले माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "तुम्ही तिले हाताला धरून आत नेलं." आणि कॉल बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाच्या फोनवरून दोन ओळी आल्या. झाडं आणि यंत्र काढलं, खिडकी उघडली, बाळाला डॉक्टरकडे दाखवलं, छाती साफ आहे. मी त्या ओळी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. छाती साफ आहे. बायकोला दिलेला शब्द मी मोडला तो याच्यासाठी, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

याला आता दोन महिने होत आले. मी चार वेळा फोन लावला, ती उचलत नाही. जावई उचलतो, चांगला बोलतो, म्हणतो थोडा वेळ द्या. देतो आहे. आठ वाजता मी पोळ्या करतो आणि जेवून घेतो. जेवलो का, हे आता मला विचारणारं कोणी नाही.